दिल्लीचा जिवाणू आणि 'निरुपद्रवी' या शब्दाचा अर्थ

जिवाणूची नवी जाती सापडल्याचे शास्त्रज्ञ जाहीर करतात तेव्हा त्या एका घोषणेत बहुधा दोन निरनिराळे दावे एकत्र बांधलेले असतात. पहिला दावा नात्याचा असतो: हा जिवाणू कोणत्या वंशातला, कोणाचा जवळचा, आणि ज्ञात जातींपासून तो स्वतंत्र नाव द्यावे इतका दूर आहे की नाही. दुसरा दावा वर्तनाचा असतो: तो माणसाला आजारी पाडू शकतो की नाही. नात्याचा पुरावा जिवाणूच्या पेशीत आणि त्याच्या डीएनएमध्ये सापडतो. वर्तनाचा पुरावा मात्र तेथे पुरता सापडत नाही, कारण रोग हा जिवाणूच्या अंगचा गुण नसून जिवाणू आणि शरीर यांच्यात घडणारी घटना आहे, आणि शरीर बदलले की ती घटनाही बदलते. हे दोन दावे एकमेकांत मिसळले, तर 'जाती ठरली, म्हणजे स्वभावही ठरला' अशी समजूत रूढ होते. ही समजूत किती अपुरी आहे, हे दिल्लीच्या प्रयोगशाळांतून वाढलेल्या एका जिवाणूच्या अर्धशतकाच्या इतिहासावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असेल.

तो इतिहास कुष्ठरोगापासून सुरू होतो. कुष्ठरोगाचा जिवाणू, मायकोबॅक्टेरियम लेप्री, नॉर्वेतील हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये ओळखला, आणि रोगाशी जोडल्या गेलेल्या अगदी पहिल्या जिवाणूंत त्याची गणना होते. तरीही तो आजवर कोणत्याही कृत्रिम पोषक माध्यमावर वाढवता आलेला नाही. उंदराच्या पायाच्या तळव्यात आणि आर्माडिलो या खवल्यांच्या सस्तन प्राण्यात तो वाढतो, पण काचेच्या तबकडीत वाढत नाही. जो जिवाणू प्रयोगशाळेत हवा तितका वाढवता येत नाही त्याच्यापासून लस करणे दुष्कर असल्याने, सत्तरच्या दशकात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत जैवरसायनशास्त्राचे प्राध्यापक गुरसरन प्राण तलवार आणि त्यांचे सहकारी यांनी आडवाटेने विचार केला. मायकोबॅक्टेरियम या वंशातल्या सहज वाढवता येणाऱ्या जिवाणूंपैकी एखादा असा निघेल का, की ज्याची ओळख पटल्यावर शरीराची प्रतिकारयंत्रणा कुष्ठजंतूलाही ओळखू लागेल? त्यासाठी अनेक जिवाणू सांकेतिक अक्षरे देऊन तपासले गेले, आणि त्यांतला 'डब्ल्यू' या अक्षराचा जिवाणू सरस ठरला. ते अक्षर पुढे त्याचे नावच झाले. 'मायकोबॅक्टेरियम डब्ल्यू' या नावाने त्याच्यावर शोधनिबंध लिहिले गेले, आणि उष्णतेने मारलेल्या त्याच्या पेशींची लस दिल्लीच्या रुग्णालयांत कुष्ठरुग्णांना औषधोपचाराच्या जोडीने दिली गेली. जाती ठरण्यापूर्वी तीस वर्षे तो उपयोगात होता. वाढीचा वेग आणि रासायनिक क्रिया यांवरून केलेल्या जुन्या वर्गीकरणात त्याचे काही गुण एका गटाशी, तर काही दुसऱ्या गटाशी जुळत. कोणत्याही एका ज्ञात जातीशी तो पुरता जुळत नव्हता.

२००९ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरातील अनिल त्यागी यांच्या प्रयोगशाळेने, तलवार, सय्यद हसनैन आणि इतरांच्या सहकार्याने, त्याला स्वतंत्र जाती ठरवणारा निबंध प्रसिद्ध केला. ज्या पद्धतीला बहुअंगी वर्गीकरण म्हणतात ती त्यांनी वापरली. जिवाणूंत लैंगिक प्रजनन नसल्याने 'ज्यांच्या संकरातून प्रजननक्षम संतती होते ते एका जातीचे' ही प्राण्यांसाठीची व्याख्या त्यांना लागू पडत नाही. म्हणून पेशीचे रूप, वाढीचे तापमान, पेशीभित्तिकेतील मेदाम्ले, विकरांच्या क्रिया आणि जनुकांची अक्षरमाला अशा अनेक अंगांनी पुरावा गोळा करावा लागतो. त्यांतले सर्वांत रूढ अंग म्हणजे रायबोझोम या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेतील '१६ एस' आरएनएचे जनुक. सुमारे दीड हजार अक्षरांचे हे जनुक अतिशय सावकाश बदलते, त्यामुळे दोन जिवाणूंत त्याचे साम्य साधारण ९८.७ टक्क्यांहून कमी असेल तर ते वेगळ्या जातींचे मानण्यास हरकत नसते. साम्य त्याहून अधिक असेल तर मात्र संपूर्ण जनुकसंच ताडून पाहावा लागतो, आणि तेथे ९५ ते ९६ टक्के सरासरी साम्य ही जातीची सीमा धरली जाते. या सीमा निसर्गाने आखलेल्या नाहीत, अभ्यासकांनी सोयीसाठी मान्य केलेल्या आहेत, हे विसरून चालत नाही.

नव्या जातीला नाव दिले गेले 'मायकोबॅक्टेरियम इंडिकस प्रानी'. भारत आणि प्राण तलवार या दोहोंचा त्यात गौरव होता. कृतज्ञता म्हणून हे नाव सुंदर आहे, पण जिवाणूंच्या नामकरणसंहितेत ते बसत नाही. संहितेनुसार जातीचे नाव वंशनाम आणि जातिविशेषण अशा दोनच शब्दांचे असावे लागते; येथे शब्द तीन आहेत. शिवाय 'मायकोबॅक्टेरियम' हा शब्द लॅटिन व्याकरणात नपुंसकलिंगी असल्याने त्याचे विशेषण 'इंडिकस' नव्हे, 'इंडिकम' हवे. हा केवळ व्याकरणाचा काथ्याकूट नाही. संहिता पाळण्यासाठी त्या जातीचा आदर्श वाण, म्हणजे नाव ज्या मूळ संवर्धनाला कायमचे बांधलेले असते तो वाण, किमान दोन देशांतील संवर्धन संग्रहांत सर्वांसाठी खुला ठेवावा लागतो. ही अट नाव देणाऱ्याचा दावा दुसऱ्याला तपासता यावा म्हणून आहे, आणि विज्ञानात याहून महत्त्वाची अट शोधून सापडणार नाही.

दावा तपासला गेलाच. २०१२ मध्ये या जिवाणूचा सुमारे ५६ लाख अक्षरांचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, आणि जगभरच्या मायकोबॅक्टेरियांचे जनुकसंच जसजसे त्याच्या शेजारी ठेवून पाहिले गेले तसतसा तो 'मायकोबॅक्टेरियम इंट्रासेल्युलारे' या आधीच ज्ञात असलेल्या जातीच्या इतका जवळ आढळला, की त्याला तिचाच एक वाण मानावे असे मत पुढे आले. आता ही जाती काही अनोळखी नव्हे. माती-पाण्यात राहणारी, निरोगी माणसाला सहसा न शिवणारी, पण फुप्फुसे आधीच खराब झालेल्या माणसाला चिवट, क्षयासारखा आजार देणारी ती संधिसाधू जाती आहे. म्हणजे ज्याला 'निरुपद्रवी नवी जाती' म्हटले गेले, तो एका रोगकारक जातीचा सख्खा नातलग निघाला.

मुंबईतही हेच घडून गेले होते. इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये व्ही. आर. खानोलकर, कमल रणदिवे आणि सी. व्ही. बापट यांनी पन्नासच्या दशकात कुष्ठरुग्णांच्या गाठींतून एक जिवाणू वाढवला, आणि तो संस्थेच्या आद्याक्षरांवरून 'आयसीआरसी' जिवाणू म्हणून ओळखला गेला. कुष्ठजंतूच अखेर प्रयोगशाळेत वाढला, अशी तेव्हाची आशा होती. पुढे तोही 'एव्हियम-इंट्रासेल्युलारे' याच गोतातला ठरला. तरीही त्याच्यापासून मुंबईत डॉ. माधव देव आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सर्गाने मारलेल्या पेशींची लस तयार केली, आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातील मोठ्या तुलनात्मक चाचणीत तिने ६५.५ टक्के संरक्षण दिले, तर त्याच चाचणीत दिल्लीच्या जिवाणूने २५.७ टक्के. कानपूर देहातच्या खेड्यांत कुष्ठरुग्णांच्या घरच्या माणसांवर झालेल्या चाचणीत मात्र दिल्लीच्याच जिवाणूने सुरुवातीच्या वर्षांत ६८.६ टक्के संरक्षण दिल्याची नोंद आहे. वाण तोच, पण माणसे, प्रदेश आणि चाचणीची रचना वेगळी असताना त्याचे फळ इतके वेगळे यावे, यातच 'जिवाणूचा स्वभाव' या कल्पनेची मर्यादा दिसते. दोन शहरांतले, दोन पद्धतींनी निवडलेले दोन भारतीय जिवाणू शेवटी एकाच गोतात सापडावेत, ही गोष्टही विचार करण्याजोगी आहे.

नवी जाती पुढे जुन्याच जातीत विलीन होणे मायकोबॅक्टेरियांपुरतेच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील योगेश शौचे यांच्या गटाने २००२ मध्ये क्युलेक्स डासाच्या आतड्यातून 'एरोमोनास क्युलिसिकोला' ही नवी जाती वर्णिली. २००५ मध्ये ती 'एरोमोनास व्हेरोनी' या जुन्या जातीचेच दुसरे नाव असल्याचे दाखवले गेले, आणि व्हेरोनी तर जुलाब व जखमांचा संसर्ग घडवणारी जाती म्हणून परिचित होती. अशा दुरुस्त्यांना अपयश समजण्याची आपल्याकडे रीत आहे. ती चुकीची आहे. जी जाती कधी रद्दच होऊ शकत नाही, ती कधी नीट तपासलीही गेलेली नसते.

मग दिल्लीच्या जिवाणूचे नाते बदलल्याने लस घेतलेल्या माणसाच्या सुरक्षिततेत काय फरक पडला? संसर्गापुरते बोलायचे तर काहीही नाही, कारण लशीतल्या पेशी मेलेल्या असतात, आणि मेलेली पेशी वाढू शकत नाही, मग ती कोणत्याही जातीची असो. सुरक्षितता नावातून नव्हे, प्रक्रियेतून येत होती. मात्र मेलेला जिवाणूही शरीरात निष्क्रिय नसतो. प्रतिकारयंत्रणेला चाळवणे हेच तर लशीचे काम. आफ्रिकेतील आठ देशांत १,४०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, हृदयावरणाच्या क्षयरोगात हा जिवाणू टोचण्याचा उपयोग होतो का हे पाहिले गेले. रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश एचआयव्हीबाधित होते. मृत्यू आणि गंभीर गुंतागुंत यांत लक्षणीय फरक पडला नाही. उलट प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि हा जिवाणू, दोहोंच्याही गटांत कर्करोगाचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा वाढलेले दिसले, आणि ती वाढ मुख्यतः एचआयव्हीशी निगडित कर्करोगांची होती. त्या आकड्यांचा अर्थ लावताना दोन्ही औषधे एकत्र मिळालेल्या रुग्णांचा वेगळा विचार करावा लागतो, हे खरे. तरीही दिल्लीत कुष्ठरुग्णांवर वर्षानुवर्षे सुरक्षित दिसलेली वस्तू वेगळ्या प्रतिकारशक्तीच्या शरीरात वेगळे प्रश्न उभे करते, एवढे त्यातून निर्विवादपणे कळते. 'निरुपद्रवी' या विशेषणाला नेहमी एक कर्म लागते: कोणासाठी निरुपद्रवी?

हाच धडा ऐंशीच्या दशकात अधिक क्रूरपणे मिळाला होता. एव्हियम-इंट्रासेल्युलारे गोतातील जिवाणू नळाच्या पाण्यात पूर्वीही होते आणि कोट्यवधी माणसे ते रोज गिळत होती. एड्सच्या साथीने माणसांची प्रतिकारशक्ती ढासळवली, आणि तेच जिवाणू सर्व अवयवांत पसरून मृत्यू घडवू लागले. जिवाणू बदलला नव्हता. १९९९ मध्ये आर्तुरो कासादेव्हाल आणि लिझ-ॲन पिरोफ्स्की यांनी रोगकारकतेची जी मांडणी केली तिचा गाभा हाच आहे: मोजायची असते ती यजमान शरीराला झालेली हानी, आणि ती हानी कधी जिवाणूच्या जोरामुळे, कधी शरीराच्या दुबळेपणामुळे, तर कधी शरीराच्याच अतिरेकी प्रतिकारामुळे होते.

जनुकसंच वाचता येऊ लागल्यापासून एक नवा मोह निर्माण झाला आहे. नव्या जिवाणूचा जनुकसंच संगणकाला द्यायचा, ज्ञात 'उग्रता-जनुकां'शी जुळणारे तुकडे शोधायचे, आणि त्यांच्या संख्येवरून 'रोगकारक क्षमता आहे' असा निष्कर्ष काढायचा, ही पद्धत आज सर्रास रूढ आहे. तिची कमजोरी मायकोबॅक्टेरियम वंशातच उघडी पडते. क्षयजंतूला पेशीत शिरण्यास मदत करतात म्हणून ज्यांचे नाव पडले ती जनुके मातीत राहणाऱ्या आणि सहसा कोणालाही न छळणाऱ्या स्मेग्मॅटिस या जातीतही आहेत. उलट २००१ मध्ये वाचल्या गेलेल्या कुष्ठजंतूच्या जनुकसंचात फक्त सुमारे ३३ लाख अक्षरे निघाली, आणि त्यांतही हजाराहून अधिक जनुके मोडून निकामी झालेली. मानवजातीला हजारो वर्षे छळणारा हा जंतू शस्त्रे जमवून नव्हे, तर स्वतःचा संसार टाकून देऊन पूर्णपणे परावलंबी झालेला आहे. बीसीजीचे उदाहरण आणखी बोलके आहे. काल्मेत आणि गेरँ यांनी १९०८ ते १९२१ या काळात गोवंशीय क्षयजंतूचे २३० वेळा पुनःसंवर्धन केले, त्यात जनुकांचा एक तुकडा गळून पडला, आणि जातीने क्षयजंतूच्याच गोतात असलेला तो वाण जगभरच्या बाळांना दिली जाणारी जिवंत लस झाला. पण जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळाला तीच लस जीवघेणी ठरू शकते. म्हणून एखादे जनुक खरोखर रोगाला जबाबदार आहे असे म्हणायचे, तर ते काढून टाकल्यावर उग्रता घटली पाहिजे आणि परत घातल्यावर ती परतली पाहिजे, ही स्टॅन्ली फॉल्को यांनी १९८८ मध्ये मांडलेली अट टाळता येत नाही. जुळणी ही शंका असते, पुरावा नव्हे.

जाती आणि धोका यांची फारकत किती टोकाला जाऊ शकते, हे दिल्लीचेच नाव धारण करणाऱ्या दुसऱ्या एका शोधाने दाखवले. नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीतील क्लेब्सिएला न्यूमोनिये या अतिपरिचित जिवाणूत २००८ मध्ये असे विकर सापडले, जे कार्बापेनेम या राखीव प्रतिजैविकांनाही तोडून टाकते. 'न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज' हे त्याचे नाव भारतात संतापाचे कारण झाले. संताप समजण्यासारखा होता, आणि रोगांना स्थळांची नावे देऊ नयेत अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केलीही. परंतु नावावरच्या वादात खरा मुद्दा झाकला गेला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नवी दिल्लीतील साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत हे जनुक आढळले, आणि ते पटकीच्या व हगवणीच्या जंतूंतही पोहोचलेले होते. प्लाझ्मिड या सुट्या डीएनए-वलयावर बसून एका जातीतून दुसरीत जाणाऱ्या जनुकाला जातीची कुंपणे नसतात. येथे कोणतीही नवी जाती नव्हती. धोका मात्र पूर्णतः नवा होता.

असे असेल तर नव्या जातींचे वर्णन करण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचेही उत्तर दिल्लीतच आहे. 'कॅन्डिडा ऑरिस' हे किण्व, जिवाणू नव्हे तर एकपेशीय बुरशी, २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून नवी जाती म्हणून वर्णिले गेले. त्या वर्णनात भीती वाटावी असे काही नव्हते. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल वक्ष संस्थेतील अनुराधा चौधरी यांच्या गटाने २०१३ मध्ये शहरातील दोन रुग्णालयांच्या १२ रुग्णांत तेच किण्व रक्तात व अन्य संसर्गांत दाखवून दिले, आणि रुग्णालयांतील स्वयंचलित यंत्रे त्याला भलत्याच जातीचे नाव देत होती हेही उघड केले. जपानी वर्णनाने त्याचा धोका सांगितला नव्हता, पण त्याला ओळखण्याची खूण देऊन ठेवली होती. ती खूण नसती तर दिल्लीतले रुग्ण चुकीच्या नावाखाली विखुरलेले राहिले असते आणि त्यांच्यातला समान धागा कोणाच्या लक्षात आला नसता. जातीचे वर्णन भविष्य सांगत नाही. पुढे कोणीतरी पाहील तेव्हा त्याला ओळखता यावे, एवढी सोय ते करते, आणि ती सोय अमूल्य आहे.

नाव आणि धोका यांचा विचार वेगळा ठेवण्याची सुबुद्धी नामकरणकर्त्यांनी एकदा उघडपणे दाखवली आहे. प्लेगचा जंतू येर्सिनिया पेस्टिस हा डीएनएच्या कसोटीवर येर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस या सौम्य जातीहून वेगळा काढता येत नाही. म्हणून त्याला तिची उपजाती म्हणावे असा प्रस्ताव आला होता. १८९६ च्या मुंबईच्या प्लेगची आठवण घरोघरी असलेल्या महाराष्ट्राला हे ऐकून आश्चर्य वाटेल. १९८५ मध्ये नामकरणाच्या न्यायिक आयोगाने ते नाव फेटाळले, कारण नावातल्या गोंधळाने प्रयोगशाळेतल्या किंवा रुग्णालयातल्या कोणाचा तरी जीव जाऊ शकला असता. वर्गीकरणाच्या दृष्टीने प्रस्ताव बरोबर होता, तरीही माणसांच्या सुरक्षिततेला नात्याच्या तर्कापेक्षा वर ठेवले गेले. १९९४ मध्ये सुरतेच्या साथीने दिल्लीपर्यंत घबराट पसरली तेव्हा हे वेगळे नाव किती उपयोगी आहे ते पुन्हा दिसले.

भारतात आज नव्या जातींची वर्णने मोठ्या संख्येने होतात. दिल्ली विद्यापीठात रूप लाल यांच्या गटाने लखनौजवळच्या उम्मारी गावातील कीटकनाशकाच्या कचऱ्यातून वर्णिलेली 'स्फिंगोबियम उम्मारिएन्स' ही त्यांतलीच एक. चंडीगडचा आणि पुण्याचा असे दोन मोठे संवर्धन संग्रह देशात आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने देशातील जैविक साधनांवर देशाचा हक्क राखला, ते योग्यच झाले. पण आदर्श वाण सर्व जगाला खुला असावा ही नामकरणसंहितेची अट आणि परदेशी संग्रहाला नमुना देण्यापूर्वीची परवानगी यांची सांगड घालताना संशोधकांची दमछाक होते. ही सांगड सुलभ केली पाहिजे, कारण बंद कपाटातल्या वाणाबद्दलचा दावा कोणी खोडू शकत नाही आणि म्हणून कोणी खात्रीने मानूही शकत नाही.

त्याहून सोपी एक सुधारणा वर्णनाच्या भाषेत करता येईल. 'रोगकारक नाही' हे दोन शब्द लिहून पुढे जाण्याऐवजी वर्णनात असे लिहिले जावे, की या वाणाच्या अमुक इतक्या पेशी अमुक मार्गाने निरोगी उंदरांना दिल्या, त्यांना अमुक दिवस पाहिले, त्यांच्या अवयवांत जिवाणू अमुक काळ टिकला, अमुक प्रतिजैविकांना तो बळी पडतो, आणि प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या प्राण्यात त्याची तपासणी अद्याप झालेली नाही.